ऑनर्स इंग्रजी : अमेरिकन हायस्कूलमधील वर्षारंभ



जूनच्या मध्यावर पाऊस आणि शाळा हातात हात घालून येतात, ही आपणा सर्वांची लहानपणापासूनची आठवण. अमेरिकेत मात्र शाळेचे नवे वर्ष उन्हाळा सरत आला की सुरू होते. दक्षिणेकडील व पश्चिमेकडील अनेक राज्यांत ते ऑगस्टमध्ये, तर ईशान्येकडील पुष्कळ शहरांत सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे तेथील ‘लेबर डे’, उलटल्यावर सुरू होते. त्या सुमारास तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार येऊ लागतो : ऑनर्स. ‘नातीला ऑनर्स इंग्लिश मिळाले’, असे फोनवर कळते आणि इकडे आजी-आजोबांना वाटते, पोर एवढ्यात बी. ए. झाली की काय! त्यांचे चुकत नाही. आपल्याकडे हा शब्द पदवीशी जोडलेला आहे. तिकडे तो चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या वर्गाला लागतो.

या वर्गाचे पहिले पाच-सहा आठवडे नेमके कसे जातात आणि हुशार समजली जाणारी मुले तेथेच का अडखळतात, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ऑनर्स म्हणजे काय?

अमेरिकेतील हायस्कूल साधारणपणे इयत्ता नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते. या चार वर्षांच्या विद्यार्थ्यांना अनुक्रमे फ्रेशमन, सॉफोमोर, ज्युनियर व सीनियर अशी नावे आहेत. इंग्रजी हा विषय बहुतेक राज्यांत चारही वर्षे घ्यावा लागतो. मात्र एकाच इयत्तेच्या इंग्रजीच्या दोन-तीन पायऱ्या असतात : नेहमीचा वर्ग, त्याहून अवघड असा ऑनर्स वर्ग आणि अकरावी-बारावीत बहुधा ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ अर्थात ‘एपी’.

यांतील एपीचे स्वरूप स्पष्ट आहे. ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था त्याची चौकट ठरवते, मे महिन्यात परीक्षा घेते, १ ते ५ असे गुण देते आणि चांगल्या गुणांवर अनेक विद्यापीठे श्रेयांक देतात. ऑनर्सचे तसे नाही. त्याला बाहेरची परीक्षा नाही आणि एकच एक व्याख्याही नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दहाव्या दुरुस्तीनुसार जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांकडे राहतात. शिक्षण त्यांपैकीच एक. राज्ये आपला बराचसा अधिकार स्थानिक शाळा-जिल्ह्यांना देतात आणि असे जिल्हे देशात सुमारे १३,००० आहेत. त्यामुळे एका गावचा ऑनर्स वर्ग दुसऱ्या गावच्या नेहमीच्या वर्गापेक्षा सोपा असणे अगदी शक्य आहे. केवळ नावावरून अंदाज बांधू नये.

पालकांना ऑनर्सचे आकर्षण वाटते त्याला गुणांचा हिशेबही कारणीभूत आहे. ‘ए’ श्रेणीला ४, ‘बी’ला ३, ‘सी’ला २ अशी सरासरी काढली जाते आणि तिला ‘जीपीए’ म्हणतात. अनेक शाळा ऑनर्सच्या श्रेणीत अर्धा किंवा एक गुण अधिकचा मिळवतात, म्हणजे ऑनर्समधील ‘बी’ हा नेहमीच्या वर्गातील ‘ए’च्या जवळ किंवा बरोबरीला येतो. ही सरासरी चार वर्षांनी विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जात जाते. साहजिकच नववीच्या पहिल्या निबंधाची धास्ती घरातील मोठ्या माणसांनाच अधिक असते.

दार केव्हा उघडते?

वर्षारंभ सप्टेंबरमध्ये दिसत असला, तरी या वर्गात कोण बसणार हे त्याआधीच्या वसंत ऋतूत बहुतांशी ठरलेले असते. आठवीच्या शिक्षकांची शिफारस, तोवरच्या श्रेणी, चाचण्यांचे गुण आणि काही शाळांत एक छोटा प्रवेश-निबंध, यांवर यादी तयार होते. शिफारस न मिळालेल्या मुलालाही अनेक ठिकाणी पालकांनी एका अर्जावर सही केल्यास त्या वर्गात बसता येते. अडचण एवढीच की, असा अर्ज असतो हेच सर्वांना ठाऊक नसते. ज्यांचे शेजारी, मोठी भावंडे किंवा स्वतः आई-वडील त्याच शाळेत शिकलेले असतात त्यांना ते आपसूक कळते. जुलैमध्ये सामान घेऊन उतरलेल्या कुटुंबाला ते कोण सांगणार? अशांनी शाळेतील कौन्सेलरची, म्हणजे विषयनिवड व वेळापत्रक पाहणाऱ्या समुपदेशकाची, शाळा उघडण्याआधी भेट मागावी. भारतातील गुणपत्रिका व मुलाने लिहिलेला एखादा इंग्रजी निबंध सोबत न्यावा.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. सार्वजनिक शाळेत नाव घालताना घरी कोणती भाषा बोलली जाते, हा प्रश्न विचारला जातो. यामागे न्यायालयीन इतिहास आहे. सान फ्रान्सिस्कोमधील चिनी भाषक मुलांच्या वतीने लढविलेल्या ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली असा निर्णय दिला की, ज्या मुलांना इंग्रजी समजत नाही त्यांना केवळ इतरांच्या शेजारी बसविणे म्हणजे समान शिक्षण नव्हे. शाळेने त्यांना साहाय्य केले पाहिजे. म्हणून त्या चौकटीत ‘मराठी’ असे लिहिल्यावर मुलाची इंग्रजीची एक चाचणी होऊ शकते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. चाचणीत भाषा पुरेशी आढळली तर मूल नेहमीच्या वर्गात जाते, आणि ऑनर्सचा विचार स्वतंत्रपणे होतो.

मुळात अशा पायऱ्या असाव्यात की नसाव्यात, हा वाद अमेरिकेत शंभर वर्षांहून जुना आहे. गंमत अशी की दोन्ही बाजूंना हार्वर्ड विद्यापीठाचे एकेक अध्यक्ष उभे आहेत. चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखालील दहा जणांच्या समितीने १८९३ च्या अहवालात म्हटले की, मूल पुढे कॉलेजात जाणार असो वा नसो, एखादा विषय सर्वांना सारख्याच रीतीने शिकवावा. पुढे १९५९ साली हार्वर्डचेच माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी विषयवार क्षमतेनुसार गट पाडण्याची शिफारस केली. दोन वर्षांपूर्वीच रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला होता आणि हुशार मुलांना मागे ठेवणे देशाला परवडणार नाही अशी भावना बळावली होती. त्यानंतर १९८५ साली जीनी ओक्स यांच्या ‘कीपिंग ट्रॅक’ या पुस्तकाने दाखवून दिले की, खालच्या गटांत गरीब व अल्पसंख्य मुलांचा भरणा असतो आणि त्यांच्या वाट्याला शिक्षणही पातळ येते. शिकागोजवळील इव्हॅन्स्टन येथील हायस्कूलच्या मंडळाने २०१० साली नववीच्या मानव्यविद्येचा स्वतंत्र ऑनर्स वर्ग बंद करण्याचे ठरविले. सर्वांनी एकत्र बसावे आणि ऑनर्सचे श्रेय कामातून मिळवावे, अशी ती योजना. कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटीच्या हायस्कूलनेही २०२२ साली नववी-दहावीचे ऑनर्स इंग्रजी वर्ग बंद केले आणि तेथील काही पालकांनी त्यास जोरदार विरोध केला.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर अवघड वर्ग बंद केल्याने सोपा वर्ग आपोआप चांगला होत नाही. परंतु एका कागदाची माहिती असणे-नसणे यावर मुलाचे बाक ठरावे, हेही न्यायाला धरून नाही.

सुट्टीतील पुस्तक आणि पहिला दिवस

ऑनर्स वर्गाचे काम शाळा सुरू होण्याआधी सुरू होते. जूनमध्ये सुट्टी लागतानाच एक-दोन पुस्तकांची नावे हाती पडतात. ती वाचून, समासात टिपणे करून यायचे असते. पहिल्या आठवड्यातच त्यावर चाचणी किंवा निबंध असतो. जॉर्ज ऑर्वेलचे ‘अ‍ॅनिमल फार्म’, विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’, हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही नावे अशा याद्यांत वर्षानुवर्षे दिसत आली आहेत. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दोनशे-तीनशे पाने घाईघाईने उलटणारी मुले तिकडेही आहेतच. त्या बाबतीत जगात सर्वत्र सारखेपणा आहे!

पहिल्या तासाला ‘सिलॅबस’ वाटला जातो. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ धड्यांची यादी. तिकडे तो शिक्षक, विद्यार्थी व पालक यांच्यातील एक प्रकारचा करारनामा असतो. उशिरा दिलेल्या कामाचे किती गुण कापले जातील, निबंध पुन्हा लिहिता येईल काय, वर्गातील सहभागाला किती टक्के, दुसऱ्याचे लेखन उचलल्यास काय शिक्षा, हे सारे त्यात लिहिलेले असते आणि पालकांनी तो वाचून सही करावयाची असते. आपण सही करतो, वाचत मात्र नाही. हा कागद जरूर वाचावा. निबंध पुन्हा लिहिण्याविषयीचे कलम तर दोनदा वाचावे. त्याचे कारण पुढे येईल.

पहिल्या काही दिवसांत बहुधा चाळीस मिनिटांचा एक निबंध वर्गातच लिहवून घेतला जातो. कित्येक शिक्षक त्याला गुण देत नाहीत. मुलाची मूळ लेखणी कशी आहे हे त्यांना पाहायचे असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आल्यापासून या निबंधाचे महत्त्व फार वाढले आहे. घरून लिहून आणलेल्या मजकुरामागे कोणाचे डोके आहे हे सांगणे कठीण झाल्याने अनेक शिक्षक पुन्हा कागद-पेनाकडे वळले आहेत. संगणकावर वाढलेल्या मुलांची बोटे त्या चाळीस मिनिटांत दुखून येतात.

‘कसे?’ हा एक शब्द

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ऑनर्स म्हणजे जास्त पुस्तके आणि अवघड शब्द, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. खरा फरक प्रश्नाच्या स्वरूपात असतो.

शेक्सपिअरचे ‘ज्युलियस सीझर’ हे नाटक अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी दहावीत शिकविले जाते, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. सीझरचा वध झाला आहे. ब्रूटस लोकांसमोर आपली बाजू मांडतो आणि अँटनीला शवापुढे बोलू देतो. अट एवढीच की, कट करणाऱ्यांना दोष द्यायचा नाही. अँटनी बोलतो आणि भाषण संपते तेव्हा तीच गर्दी घरे जाळावयास निघालेली असते. अभ्यासू मूल लिहिते : ‘अँटनी अत्यंत चतुर वक्ता होता. त्याने आपल्या प्रभावी भाषणाने लोकांच्या भावना चेतविल्या.’ वाक्ये शुद्ध आहेत, माहिती बिनचूक आहे. आपल्या परीक्षेत याला पूर्ण गुण मिळाले असते. ऑनर्सच्या शिक्षिका मात्र समासात एकच शब्द लिहितात : ‘कसे?’

मुलगा गोंधळतो. उत्तर तर दिले आहे! शिक्षिकेला अपेक्षित आहे ते हे की, त्याने पुन्हा त्या भाषणाकडे जावे. तेथे दिसेल की, ब्रूटसविषयी गौरवाचे एकच विशेषण अँटनी पुनःपुन्हा उच्चारतो. पण ते कोठे येते ते पाहावे. सीझरने युद्धकैद्यांच्या खंडणीने सरकारी खजिना भरला, हे सांगितल्यावर. गरिबांच्या आक्रोशाने सीझरचे डोळे भरून येत, हे सांगितल्यावर. राजमुकुट तीनदा पुढे केला असता त्याने तो तीनदा नाकारला, हे सांगितल्यावर. प्रत्येक वस्तुस्थितीनंतर तोच गौरव येतो आणि प्रत्येक वेळी तो थोडा अधिक आंबट होतो. शेवटी तो शब्द शिवीसारखा ऐकू येऊ लागतो. एवढे दिसल्यावर मूल नवे वाक्य लिहू शकते : ‘अँटनी ब्रूटसची अट मोडत नाही. ती तंतोतंत पाळूनच तो तिला निरर्थक करतो.’

याला तेथे ‘थीसिस’ म्हणतात. आपल्याकडे थीसिस म्हणजे डॉक्टरेटचा जाडजूड प्रबंध. तिकडे ते निबंधाच्या सुरुवातीचे एखाद-दोन वाक्यांचे प्रतिपादन असते. त्याची कसोटी सोपी आहे : एखादा समंजस वाचक त्याच्याशी असहमत होऊ शकतो काय? ‘अँटनी चतुर होता’ याच्याशी कोणी भांडणार नाही, म्हणून ते प्रतिपादन नव्हे. दुसरी एखादी मुलगी म्हणेल, श्रेय अँटनीला कशाला? हीच गर्दी काही क्षणांपूर्वी ब्रूटसचा जयजयकार करीत त्यालाच सीझर करावयास निघाली होती. पुढच्याच प्रवेशात ती सिन्ना नावाच्या एका कवीला केवळ नामसाधर्म्यामुळे मारते. तेव्हा दोष वक्त्याचा नसून जिला स्वतःचे मतच नाही अशा गर्दीचा आहे. हेही टिकणारे प्रतिपादन आहे. दोघांनाही ‘ए’ मिळू शकतो. अट एकच की, प्रत्येक पाऊल संहितेतील शब्दावर टेकलेले असावे.

सेमिनरीत पवित्र शास्त्राच्या अभ्यासात आम्हांलाही असेच एकेका शब्दापाशी थांबविले जात असे. उताऱ्याचा अर्थ ठाऊक आहे असे वाटत असतानाच ‘हा शब्द येथेच का?’ असा प्रश्न आला की, जीभ टाळ्याला चिकटे. त्यामुळे त्या पंधरा वर्षांच्या मुलाविषयी मला सहानुभूती वाटते.

आपल्याकडून गेलेली मुले नेमकी येथे अडतात, आणि ते इंग्रजी कच्चे असल्यामुळे नव्हे. गाईडमधील तयार उत्तर आणि परीक्षकाला हवे ते मुद्देसूद लिहिणे यांत ती तरबेज असतात. त्यांचे व्याकरण पुष्कळदा तेथील मुलांहून शुद्ध असते. परंतु ‘तुझे मत काय आणि ते कशावरून’, असे त्यांना फारसे कोणी विचारलेले नसते. अमेरिकन मुलेही यातून सुटत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्यांना आठवीपर्यंत पाच परिच्छेदांचा साचा पाठ करविलेला असतो : एक प्रास्ताविक, तीन मुद्दे, एक समारोप. ऑनर्सच्या पहिल्या महिन्यात तो साचा मोडावा लागतो आणि तो ज्यांना उत्तम जमत होता तीच मुले अधिक हिरमुसतात.

वर्तुळात बसणे

सप्टेंबरच्या अखेरीस कधीतरी वर्गातील बाके वर्तुळात मांडली जातात. याला ‘सॉक्रॅटिक सेमिनार’ म्हणतात. विद्यार्थी एकमेकांना प्रश्न विचारतात, पुस्तकातील पान दाखवून आपले म्हणणे मांडतात आणि शिक्षक बहुतांशी गप्प राहून टिपणे घेतात. बोलण्याला गुण असतात. गुरुजींनी विचारल्याखेरीज बोलू नये, हे संस्कार घेऊन गेलेले मूल येथे विनयाने मौन पाळते आणि त्या मौनाची नोंद ‘तयारी नाही’ अशी होते. यावर एक साधा उपाय आहे. आदल्या रात्री दोन प्रश्न व दोन पानांचे क्रमांक वहीत लिहून ठेवावेत आणि पहिल्या दहा मिनिटांत एकदा तरी तोंड उघडावे. चर्चा रंगात आल्यावर मध्ये शिरणे फार कठीण जाते.

पहिला ‘सी’

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिला गुणांकित निबंध परत येतो. तो परत येण्यास वेळ लागतो याचे कारण साध्या अंकगणितात आहे : एका शिक्षिकेकडे पाच वर्ग आणि प्रत्येकी पंचवीस मुले धरली, तर १२५ निबंध होतात. प्रत्येकी दहा मिनिटे म्हटली तरी वीस तासांहून अधिक वेळ, तोही शिकविण्याचे काम सांभाळून. निबंधाच्या कडेला लाल-निळ्या शाईत बरेच काही लिहिलेले असते. मुलाचे लक्ष मात्र वरच्या एका अक्षराकडे जाते. आयुष्यभर ‘ए’ पाहिलेल्या मुलाला ‘सी’ मिळालेला असतो.

त्या संध्याकाळी घरात जे बोलणे होते त्यावर बरेच काही अवलंबून असते, कारण याच सुमारास दुसरे घड्याळही चालू असते. वर्ग बदलण्याची मुदत शाळा सुरू झाल्यापासून काही आठवड्यांचीच असते. तिच्या आत मूल ऑनर्समधून नेहमीच्या वर्गात गेले तर गुणपत्रिकेवर बहुधा काही खूण राहत नाही. मुदत उलटल्यावर तसे करणे अवघड होते. त्यामुळे पहिला ‘सी’ आणि शेवटची तारीख एकमेकांच्या अगदी जवळ येतात आणि घाबरलेले पालक अर्ज भरून टाकतात.

काही मुलांसाठी तो निर्णय योग्यही असतो. मूल रात्री बारापर्यंत जागत असेल, इतर विषय कोसळत असतील, वाचनाचीच दहशत बसली असेल, तर खालच्या पायरीवर उतरण्यात अपमान नाही. तेथेही तीच नाटके, तीच पुस्तके अनेकदा असतात. पण निव्वळ अक्षर पाहून अर्ज भरू नये. आधी समासातील टिपणे वाचावीत. ती ‘कसे?’, ‘कोठे?’, ‘पुरावा?’ अशी असतील, तर मुलाला विषय समजलेला आहे आणि फक्त नवी रीत शिकायची आहे, असे समजावे. ती ‘मजकूर वाचलेला दिसत नाही’ अशी असतील, तर प्रश्न निराळा.

सप्टेंबरमध्येच एका संध्याकाळी ‘बॅक टू स्कूल नाइट’ असते. पालक मुलाच्या वेळापत्रकाप्रमाणे वर्गावर्गांतून फिरतात आणि प्रत्येक शिक्षक सुमारे दहा मिनिटे बोलतो. तेथे आपल्या मुलाविषयी चर्चा करण्यास वेळ नसतो व ते शोभतही नाही. त्यासाठी दोन ओळींचा ई-मेल पाठवून स्वतंत्र वेळ मागावी. त्या भेटीत ‘गुण कसे वाढतील?’ असे विचारण्याऐवजी ‘या निबंधातील कोणता परिच्छेद त्याने प्रथम पुन्हा लिहावा?’ असे विचारून पाहावे. शिक्षिका बहुधा पेन उचलून त्या परिच्छेदाभोवती रेघ ओढतील. सिलॅबसमधील ते कलम अनुकूल असेल, तर मुलाच्या हाती साधारण एक आठवडा असतो.